विहिरीतले कासव : ठेवावे की काढावे?



कपाशीची बोंडअळी, मक्याची लष्करी अळी, मोसंबीची फळगळ हे विषय सोडून या वेळचे पत्रक कासवावर कसे, असे काहींना वाटेल. रेडिओवर हा विषय आपण पाच मिनिटांत उरकला होता. पण त्यानंतर जेवढी विचारणा झाली, तेवढी खताच्या मात्रेवरसुद्धा कधी होत नाही. बहुतेकांचा प्रश्न एकच : "आमच्या विहिरीत कासव आहे. ते ठेवावे की काढावे?" उत्तर एका ओळीत देता येईल, पण ते पटायचे तर आधी एक विहीर बघावी लागेल.

गंगापूर तालुक्यातली गोष्ट. मे महिना. विहिरीने तळ गाठला म्हणून घरच्यांनी यारी लावून गाळ काढायला घेतला होता. मी ठिबकची पाहणी करायला गेलो होतो आणि बांधावर बसून चहा घेत होतो. गाळाची बादली रिकामी झाली आणि त्यात पांढरे, गोल, गुळगुळीत असे काही दिसले. पोरांना वाटले गोट्या. अंडी होती ती, लहान लिंबाएवढी, चार. दोन फुटलेली, दोन सडलेली. घरातले आजोबा म्हणाले, "आपल्या कासवीची हायेत. टाकते मधनंमधनं. पिल्लू काय कधी दिसलं नाही." कासवी त्यांनीच ओढ्यातून आणून विहिरीत सोडलेली, धाकट्या मुलाच्या जन्माच्या वर्षी. तो मुलगा आज दोन लेकरांचा बाप आहे. म्हणजे एवढी सगळी वर्षे ती त्या सिमेंटच्या कड्यांत गोल गोल फिरत होती आणि तिचे एक पिल्लू जगले नाही.

आजोबांचा हेतू वाईट नव्हता. कासव असले की पाणी निर्मळ राहते, विहीर आटत नाही, घरात लक्ष्मी टिकते, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे दगडी कासव असते, त्याला हात लावल्याशिवाय आपण आत जात नाही. त्यामुळे कासव विहिरीत सोडणे हे पुण्याचे काम समजले गेले. हे मी हसण्यावारी नेत नाही. कासव मारून खाण्यापेक्षा ते विहिरीत सोडणारा माणूस केव्हाही बरा. पण कासवाला काय लागते हे न बघता केलेली दया त्याला जाचक होते.

आपल्या शिवारातले कासव कोणते?

मराठीत आपण समुद्रातल्यालाही कासवच म्हणतो, कोरड्या रानातल्यालाही आणि ओढ्यातल्यालाही. पण तिघांची राहणी वेगळी. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते समुद्री कासव. त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले ते जमिनीवरचे. ते पाण्यात टाकले तर बुडून मरते. बंगालच्या सुंदरबनात खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारेही एक कासव आहे, तेही आता फार थोडे उरले. आपल्या जिल्ह्यात गोदावरी, शिवना, पूर्णा, त्यांना मिळणारे ओढे, गावतळी आणि पाझर तलाव यांत असतात ती गोड्या पाण्यातली कासवे. त्यांना पाणीही लागते आणि जमीनही. ही दुसरी गोष्ट आपण विसरतो.

यांतली दोन कासवे तुम्हाला जास्त करून भेटतील. पहिले मऊ पाठीचे. त्याची पाठ खवल्यांची नसून चामड्यासारख्या कातडीची असते, रंग शेवाळी-तपकिरी, कधी पिवळे ठिपके. आकार वीतभर ते दीड वीत. उलटे केले तर पोटाकडे मागच्या पायांवर दाराच्या फळीसारख्या दोन झडपा दिसतात. पाय आत ओढून घेतले की त्या झडपा मिटतात. मान मात्र लांब आणि चपळ. पाठीवरून धरले तरी वळून चावते, आणि चावले की लवकर सोडत नाही. दुसरे काळे कासव. त्याची पाठ कठीण, तिच्यावर लांबीने तीन कणे उठलेले. हे जरा लाजाळू, संध्याकाळनंतर जास्त हिंडते.

गोदावरीत तिसरेही एक आहे, लीथचे मऊ पाठीचे कासव. इंग्रजी अमदानीतल्या मुंबईच्या एका डॉक्टरचे नाव त्याला १८७२ मध्ये मिळाले. हे परातीएवढे मोठे होते. आज ते इतके दुर्मीळ झाले आहे की २०२२ मध्ये पनामा देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताच्या मागणीवरून त्याच्या परदेशी व्यापारावर पूर्ण बंदी घातली गेली. पैठणच्या वरच्या-खालच्या अंगाला जाळे टाकणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. कासव फुप्फुसाने श्वास घेते. जाळ्यात अडकून बराच वेळ पाण्याखाली राहिले तर ते माशासारखे तडफडत नाही, गुपचूप गुदमरून मरते. म्हणून जाळे टाकून घरी झोपायला जाऊ नये, फेरी मारावी.

विहिरीत ते करते काय?

मऊ पाठीचे कासव सगळे खाते. बेडूक, खेकडे, लहान मासे, गोगलगायी, किडे, मेलेले प्राणी, शिवाय पाणवनस्पती आणि पाण्यात पडलेली फळेसुद्धा. म्हणजे विहिरीत मेलेला बेडूक पडला तर ते खाऊन टाकते, ही गोष्ट खरी आहे. याच गुणामुळे गंगा कृती योजनेत, १९८६ नंतर, वाराणसीला मऊ पाठीची मोठी कासवे वाढवून गंगेत सोडली होती. नदीत पडणारी प्रेते त्यांनी खावीत असा हेतू होता. पण मेलेले जनावर खाणे वेगळे आणि पाणी शुद्ध करणे वेगळे. डोळ्याला घाण दिसत नाही म्हणजे पाणी पिण्यालायक झाले असे नाही. उलट कासव स्वतःच्या आतड्यात साल्मोनेला जातीचे जंतू बाळगते. त्याला त्यांचा त्रास होत नाही, माणसाला मात्र जुलाब आणि ताप होऊ शकतो. लहान मुलांना जास्त. अमेरिकेत मुले खेळण्यातली म्हणून आणलेली छोटी कासवे तोंडाला लावत आणि आजारी पडत. म्हणून तिथे १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान पाठीचे कासव विकायला बंदी आहे.

तेव्हा ज्या विहिरीचे पाणी घरात पितात, तिथे कासव आहे म्हणून टीसीएल पावडर टाकायची राहू देऊ नका. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सांगेल त्या मापाने टाका आणि पाणी उकळून किंवा गाळून घ्या. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडा. ते काम गप्पीचे आहे, कासवाचे नाही. कासवाला हात लावला तर हात साबणाने धुवा. विहीर न आटण्याचा तर कासवाशी काही संबंध नाही. तो तुमच्या शिवारातल्या बंधाऱ्यांशी आणि शेजाऱ्याने किती खोल बोअर मारला त्याच्याशी आहे!

ओढ्यात आणि तळ्यात मात्र कासवाचा आपल्याला उपयोग आहे. गावतळ्यातल्या काही गोगलगायी जनावरांना यकृतातल्या पर्णकृमीची लागण पोहोचवतात. शेळ्या-मेंढ्या काठावरचे गवत खातात आणि पुढे गळ्याखाली सूज येते, खंगतात, हे धनगर बांधवांना सांगायला नको. कासव या गोगलगायी खाते. म्हणून औषध पाजणे थांबवा असे नाही, पण तळ्यात कासव असणे हे तळे निरोगी असण्याचे एक लक्षण धरायला हरकत नाही.

कासवीची नजर आणि कासवीची अंडी

संतांच्या वाङ्मयात कासवीच्या दृष्टीचा दाखला वारंवार येतो. कासवी पिल्लांना पाजत नाही, भरवत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, असा. भक्ताला देव कसा सांभाळतो हे सांगायला ती उपमा फार सुंदर आहे. पण प्रत्यक्षात कासवी अंड्यांकडे वळूनही बघत नाही. ती पाण्याबाहेर येते, काठापासून थोड्या अंतरावर मऊ माती बघून मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात अंडी घालते, माती लोटून सारखी करते आणि निघून जाते. पुढचे सगळे मातीवर आणि उन्हावर सोडलेले. मऊ पाठीच्या कासवाची अंडी गोल, काळ्या कासवाची लांबट. मऊ पाठीच्या कासवाची अंडी जमिनीत कित्येक महिने राहू शकतात. एवढ्या काळात नांगर फिरतो, डुकरे उकरतात, मुंगूस उकरते, ट्रॅक्टरचे चाक जाते. यातून जे पिल्लू निघेल ते स्वतःच्या पायांनी पाणी शोधते.

आता पुन्हा त्या विहिरीकडे बघा. आत माती कुठे आहे? सिमेंटच्या कड्याला नखे लागत नाहीत. कासवी अंडी अंगावर धरून किती दिवस राहणार? शेवटी ती पाण्यात टाकून देते, आणि पाण्यात पडलेले अंडे कुजते, कारण आतल्या जिवालाही हवा लागते. आजोबांना पिल्लू का दिसले नाही, याचे उत्तर हे.

जुन्या लोकांनी बांधलेल्या बारवा याबाबतीत चांगल्या होत्या. पायऱ्या पाण्यापर्यंत उतरलेल्या. वेरूळचे कुंड पाहिले असेल, चारी बाजूंनी पायऱ्या आहेत. माणूस खाली जाऊ शकतो तसे जनावर वर येऊ शकते. आपण विहिरी खोल केल्या, कडी टाकली, पंप बसवला. पायऱ्यांची गरज आपल्याला उरली नाही. आत पडलेल्या कासवाला, बेडकाला, धामणीला मात्र आहे.

उन्हाळ्यात कासव जाते कुठे?

आपल्याकडचे ओढे फेब्रुवारी-मार्चलाच कोरडे पडतात. पाणी संपले की मऊ पाठीचे कासव चिखलात खोल शिरते, झडपा मिटते आणि पडून राहते. खाणे नाही, पिणे नाही, हालचाल नाही. वरची माती वाळून भेगा पडतात, आत ते ओलाव्यावर जिवंत असते. पाऊस पडला की बाहेर. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर, शेतात, पाण्यापासून लांब कासव दिसते ते यामुळेच. मराठवाड्यातल्या जनावराला दुष्काळ काढायला शिकावेच लागते, दुसरे काय!

नेमक्या याच महिन्यांत आपण गाळ काढतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तेव्हापासून पाझर तलावांतला गाळ हलक्या रानांत मोठ्या प्रमाणात पडला आहे. योजना चांगलीच आहे, मीही गावोगावी त्यासाठी फिरलो आहे. पण पोकलेनच्या एका बकेटमध्ये झोपलेले कासव सहज येते आणि ट्रॉलीतून थेट शेतात पडते. वाळलेल्या ढेकळासारखे दिसते, म्हणून कोणी बघत नाही, आणि वर रोटाव्हेटर फिरतो. एवढेच करा : गाळाच्या ट्रॉल्या रिकाम्या झाल्यावर पसरवण्याआधी एकदा ढिगांवरून नजर टाका. पोरांना सांगा, ती आपल्यापेक्षा बारकाईने बघतात. कासव सापडले तर दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला, बाजूंनी धरा. शेपटीला किंवा पायाला धरून लोंबकळवू नका. ज्या तलावाचा गाळ आहे त्याच तलावाच्या, मशीन चालत नाही अशा कडेला, सावलीत ओल्या मातीवर ठेवा. खोल पाण्यात फेकू नका. झोपेतून उठलेल्या अशक्त जनावराला पोहायची ताकद नसते. जखमी असेल तर खोक्यात ओले गोणपाट टाकून त्यात ठेवा आणि वन विभागाला कळवा.

आता माझी स्वतःची चूक

नोकरीच्या पहिल्या वर्षांत अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यांची कामे माझ्याकडे होती. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत ५०० मायक्रॉनचा काळा कागद. डाळिंब आणि मोसंबीच्या बागा या तळ्यांनी वाचवल्या, हे कोणी नाकारणार नाही. आखणी बरोबर आहे का, उताराला खडे नाहीत ना, कागदाच्या कडा चरात नीट पुरल्या का, हे सगळे मी तपासत असे. दोरी बांधली का, हे मात्र कधी विचारले नाही. कागदावर आपल्याकडून विचारले जात नाही ते आपण विचारत नाही, हा आम्हा लोकांचा दोष.

एका तळ्यावर मी वर्षभराने गेलो. पाण्यावर एक मेलेले कासव तरंगत होते. पाण्याच्या कडेला कागदावर, चारी बाजूंनी, नखांच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. किती दिवस ते चढायचा प्रयत्न करत फिरत राहिले असेल, देव जाणे. शेतकरी म्हणाला, "साहेब, मागच्या महिन्यात कुत्रं पण असंच गेलं." मग आम्ही दोघेही गप्प बसलो. कारण त्याची दोन लहान मुले तळ्याच्या बांधावरच खेळत होती.

त्या ओल्या काळ्या कागदावर मोठ्या पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून पुढचे काम कासवासाठी करा किंवा पोरांसाठी करा, पण या आठवड्यात करा.

तळ्याच्या चारी कोपऱ्यांत जाड दोर सोडा. दर फुटावर गाठ मारा, म्हणजे हाताला पकड मिळते. दोर बांधाच्या बाहेरच्या बाजूला, कागद पुरलेल्या चराच्या पलीकडे पक्की मेख ठोकून तिला बांधा. कागदाला भोक पडता कामा नये. पाण्यातले टोक तळापर्यंत पोहोचेल एवढे लांब ठेवा, कारण उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि आखूड दोर वरच लटकत राहतो. ही झाली माणसांची सोय. जनावरांसाठी दोन फूट रुंदीची काथ्याची चटई कोपऱ्यातून तळापर्यंत सोडा. काथ्या नसेल तर गोणपाट एकाला एक शिवून पट्टा करा. तो लवकर कुजतो, तेव्हा पावसाळ्याआधी बदलावा लागेल. खालच्या टोकाला वाळू भरलेली पिशवी बांधा. दगड नको, कागद फाटेल. मासेमारीचे जाळे तर अजिबात नको. कासवाचा पाय किंवा मान त्यात अडकते आणि सुटकेचा रस्ताच फास होतो. पाण्यात पडलेले जनावर काठाकाठाने फिरते आणि कोपऱ्यात येते, म्हणून जागा कोपऱ्याचीच घ्यावी.

काही जण म्हणतात, कासवाच्या नखांनी कागद फाटतो, मग त्याला आत येऊच का द्यावे? बरोबर आहे. तळ्याभोवती तारेचे कुंपण असेल तर त्याच्या खालच्या फूटभर भागाला बारीक डोळ्याची जाळी लावून तिची कड मातीत दाबा. कासव उंच चढत नाही. आत आले तरी चढायला चटई असली की ते निघून जाईल. चटई नसली तर आठ-आठ दिवस कागद खरवडत बसेल. नुकसान कशात जास्त आहे ते तुम्हीच बघा.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांची तक्रार वेगळी आहे. कासव मत्स्यबीज खाते, हे खरे. बीज लहान असताना वर सांगितलेली जाळी नक्की लावा. मासे बोटभर वाढले की कासवाच्या तावडीत बहुतेक आजारी आणि मेलेलेच सापडतात. फवारणीचा पंप मात्र तळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर कोणीही धुऊ नये. आपण कपाशीवर मारतो त्यांतली बरीच औषधे, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना फार थोड्या मात्रेत मारक आहेत.

वीस नखांचा बाजार

आता जे सांगतो ते गावात मोठ्याने बोलले जात नाही. कोणीतरी मोटारसायकलवर येतो, चहा पितो आणि हळूच विचारतो, "वीस नखी कासव आहे का कुठं? पार्टी लाखात द्यायला तयार आहे." असे कासव पूजेत ठेवले की पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन दिसते, असे सांगतात. दुष्काळाने आणि कर्जाने पिचलेल्या घरात असल्या बोलण्याला कान दिला जातो, हे मी समजू शकतो. पण एकदा हिशेब करून बघा. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन नखे असतात. चार त्रिक बारा. काळ्या कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार; झाली अठरा. म्हणजे मागणाराच असे कासव मागतो जे सहसा नसतेच. मग गावभर कासवे धरली जातात, नखे मोजली जातात, काही वेळा तर नखे चिकटवून विकली जातात. शेवटी पार्टी येत नाही, पोलीस येतात. पैशाचा पाऊस पडत असता तर तो मध्यस्थ मोटारसायकलवर हिंडला असता का?

कायदा काय आहे तेही सांगतो. मऊ पाठीचे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय निदान पंचवीस हजार रुपये दंड. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, अंड्यांची किंवा घरट्याची नासधूस करणे हेही त्यातच येते. पैशाचा पाऊस पाडतो म्हणून फसवणाऱ्यावर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू शकतो. कासव मध्यस्थाच्या हातात दिले की कागदोपत्री तुम्ही विकणारे झालात. वकील, तारखा आणि जामीन यांत दोन एकरांचे पीक जाते.

शहरात शिकणाऱ्या मुलांनी दुकानातून आणलेले हिरवे, कानामागे लाल पट्टा असलेले छोटे कासव काही घरांत असते. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले आहे. लहानपणी नाण्याएवढे, पुढे ताटलीएवढे होते, मग कंटाळून लोक ते हर्सूलच्या किंवा गावच्या तळ्यात सोडायला निघतात. तसे करू नका. ते आपल्या कासवांचे अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावते आणि परदेशी रोग सोबत आणू शकते.

मग विहिरीतले कासव?

ज्यांनी अजून सोडलेले नाही त्यांनी सोडू नये. ओढ्यात दिसले तर ओढ्यातच राहू द्यावे. रस्त्यावर दिसले तर त्याचे तोंड ज्या दिशेला होते त्याच बाजूला, रस्त्याच्या कडेला पोहोचवावे, घरी आणू नये. ज्यांच्या विहिरीत आधीपासून आहे त्यांनी स्वतः आत उतरून ते काढण्याचा खटाटोप करू नये. विहिरीत उतरताना माणसे दगावतात. वन विभागाला कळवावे. विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जावे. गाव, गट नंबर, विहीर किती खोल, पाणी किती आणि कासव शेवटचे कधी दिसले, एवढे सांगावे. आपणहून कळवणाऱ्याला कोणी चोर ठरवत नाही, ही भीती मनातून काढा. ते लोक येईपर्यंत कठड्याजवळ उतरत्या फळीचा किंवा जुन्या पोत्यांचा एखादा आधार पाण्यावर तरंगता ठेवता आला तर कासवाला त्यावर बसून ऊन घेता येते.

गंगापूरच्या त्या आजोबांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांना आधी राग आला. "इतकी वर्षं घरची म्हणून सांभाळली, आता काढून देऊ?" सुनेने मध्येच विचारले, "मग तिची अंडी कुठं घालायची तिनं?" आजोबा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनीच फोन केला. वन कर्मचाऱ्यांनी टोपलीत घालून कासवी वर काढली. पाठीवर शेवाळाचा हिरवा थर होता, एका बाजूची नखे पार झिजलेली. आजोबांनी तिच्यावर हळद-कुंकू टाकले. मी अडवले नाही. गावाच्या वरच्या पाझर तलावाच्या काठी, बाभळीच्या सावलीत टोपली आडवी केली. ती बराच वेळ हललीच नाही. मग मान बाहेर आली, तिने ओल्या मातीत पुढचे पाय रोवले आणि पाण्याकडे न जाता ती काठाकाठाने चालू लागली.